मस्तानी दरवाजा



पुण्याला सहलीला गेलो की शनिवार पेठेतला शनिवारवाडा आपण बघतोच. वाड्याच्या पाच दरवाजांपैकी एक मस्तानी दरवाजा. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीवर जीव लावला. पण ती मुसलमान आईची लेक, म्हणून घरानं आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदानं तिला आपली म्हटलं नाही. बाजीराव लांब असताना तिला पहाऱ्यात ठेवलं. १७४० साली दोघंही गेले. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. त्यांच्या मुलाची, समशेर बहाद्दरची मुंज होऊ दिली नाही. तोच १७६१ ला पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जखमांनी गेला.

दक्षिण आफ्रिकेत १९४९ साली गोऱ्या माणसांनी इतर वर्णात लग्न करायला कायद्यानंच बंदी घातली. ती १९८५ ला उठली. आपला कायदा मात्र प्रेमाच्या बाजूनं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असला, की जात-धर्म आड येत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग लग्नाला ३ साक्षीदार लागतात.

कठीण असतात ते हेच ३० दिवस. घरी कळतं, मोबाईल काढून घेतात, खोलीला बाहेरून कडी लागते. पुन्हा तोच पहारा! आणि कडी लावणारा हात कधी कधी आपलाच, आईचा नाहीतर काकूचा असतो. सज्ञान मुलीला कोंडणं गुन्हा आहे. अशा वेळी ११२ वर फोन करता येतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोला: अशी लेक आपल्या दारात आली, तर साक्षीदार म्हणून सही कोण करेल?