सुकाणू कोणाच्या हाती?

भर समुद्रात शिडाची नौका एकट्याने हाकायची, तर झोपायचे केव्हा? हात सुटला की नौका तोंड फिरवते. म्हणून सुकाणू धरणारे यंत्र लागते. त्याच्या मुख्य जाती दोन.

एक वाऱ्यावर चालणारे. नौकेच्या पाठीमागे त्याचे उभे पाते असते. नौका भलतीकडे वळली की पाते कलते आणि सुकाणू फिरवते. वीज मुळीच लागत नाही. पण वाऱ्याने दिशा बदलली की नौकाही वळते, आणि वारा पडला की काम थांबते.

दुसरे विजेचे. ते होकायंत्राप्रमाणे दिशा धरते, इंजिन चालू असतानाही. मात्र बॅटरी खाते. ते घेताना रिकाम्या नौकेचे नव्हे, पाणी, तेल, शिधा भरलेल्या नौकेचे वजन धरावे.

२०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत विजेच्या यंत्राला मनाईच होती. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून आपले अभिलाष टॉमी वाऱ्याच्या यंत्रावरच निघाले होते.

लांबच्या सफरीला दोन्ही असलेली बरी. पण एक ध्यानात ठेवा: यंत्र सुकाणू धरते, समोरून येणारे जहाज चुकवत नाही. तो पहारा माणसाचाच.