लॅनफ्रोथेनच्या दफनभूमीचा वकील



ब्रिटनच्या पंतप्रधानांमध्ये बॅरिस्टर बरेच झाले. सॉलिसिटर एकच झाला, डेव्हिड लॉइड जॉर्ज. बॅरिस्टर वरच्या कोर्टात उभा राहतो. सॉलिसिटर गावातल्या ऑफिसात बसतो. जमिनीचे दस्त, मृत्युपत्रे, कुळांची गाऱ्हाणी आधी त्याच्यापुढे येतात. लॉइड जॉर्जचे राजकारण या बैठकीत घडले, असे माझे ठाम मत आहे.

जन्म १८६३ चा, मँचेस्टरचा. तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील वारले आणि आई मुलांना घेऊन वेल्समधल्या लॅनिस्टमडवी या खेड्यात भावाच्या आश्रयाला आली. हा मामा, रिचर्ड लॉइड, जोडे शिवून घर चालवी आणि रविवारी प्रार्थनागृहात प्रवचन करी. भाच्याला वकिलीच्या परीक्षेसाठी फ्रेंच हवे, म्हणून मामा स्वतः पुस्तकातून फ्रेंच शिकला आणि मग त्याने भाच्याला शिकवले. अशा मामाचे ऋण कशाने फिटणार! १८८४ मध्ये भाचा सॉलिसिटर झाला.

आता एका खटल्याकडे येतो. १८८८ मध्ये लॅनफ्रोथेन गावात रॉबर्ट रॉबर्ट्स हा म्हातारा खाणकामगार वारला. मुलीच्या शेजारी आपल्याला पुरावे, ही त्याची शेवटची इच्छा. पण तो अँग्लिकन चर्चचा नव्हता. १८८० च्या कायद्याने अशा माणसालाही आपल्या पंथाच्या विधीने चर्चच्या आवारात दफनाचा हक्क दिला होता. तरी धर्मगुरू आडवा आला. ही जागा एका बाईने दान दिलेली, आणि १८८१ च्या दस्तात इथे अँग्लिकन विधीच होतील अशी अट आहे, असे त्याचे म्हणणे. पंचविशीतल्या वकिलाने कागद चाळले. जागा १८६४ मध्येच तोंडी दान झाली होती, गावकऱ्यांनी तिला भिंतही घातली होती. चर्चचा ताबा इतक्या वर्षांचा असताना मागाहून अट घालणारी ती बाई कोण? त्याने सांगितले, फाटक फोडा आणि दफन करा. लोकांनी तसे केले. धर्मगुरूने दावा लावला. खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला. लंडनला अपील झाले आणि ते जिंकले.

या खटल्याने त्याचे नाव वेल्सभर झाले. १८९० च्या पोटनिवडणुकीत कार्नारव्हनमधून तो अवघ्या १८ मतांनी निवडून आला आणि पुढे ५५ वर्षे तिथला खासदार राहिला.

अर्थमंत्री असताना तीच नजर राज्याच्या तिजोरीकडे वळली. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग पेन्शन मिळू लागली. पैसा उभा करायला त्याने १९०९ च्या अर्थसंकल्पात जमीनदारांवर कर बसवला. उमरावांच्या सभागृहाने तो अर्थसंकल्प फेटाळला, आणि १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचा नकाराधिकारच आखडला गेला. त्याच वर्षी आरोग्यविमा आला : कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३, सरकारने २. आजारी पडलेल्या कामगाराला हे पैसे दान म्हणून नव्हे, हक्काने मिळू लागले. मला हे त्याचे सर्वांत मोठे काम वाटते, महायुद्ध जिंकण्याहूनही मोठे.

१९१६ च्या डिसेंबरात तो पंतप्रधान झाला. युद्ध, व्हर्साय, सारे आपण शाळेत शिकलो आहोत. पण आयर्लंडमध्ये याच माणसाच्या सरकारने ‘ब्लॅक अँड टॅन्स’ नावाचे जादा पोलीस पाठवून गावे जाळू दिली. पुढे १९२१ मध्ये तहही त्यानेच केला. पदव्या विकल्याचा डाग लागला तो वेगळाच. आणि आपण? १९१९ मध्ये लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. काँग्रेसने त्यांना पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी नेमले होते. ब्रिटिश सरकारने त्यांना तिथे जाऊ दिले नाही. १९२२ च्या ऑगस्टमध्ये याच पंतप्रधानाने पार्लमेंटात भारतातल्या सनदी सेवेला साऱ्या इमारतीची पोलादी चौकट म्हटले. एका खाणकामगाराच्या कबरीसाठी कुंपण फोडायला सांगणाऱ्याला तीस कोटी लोकांचे कुंपण दिसले नाही, आणि हा दोष मी त्याला माफ करू शकत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची सत्ता गेली. पुन्हा कधी मिळाली नाही.

समोर कायद्याचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना एकच विनंती करतो. लॉइड जॉर्ज वाचायचा असेल तर व्हर्सायपासून सुरुवात करू नका. लॅनफ्रोथेनचा खटला आधी वाचा, १८६४ चे दान आणि १८८१ चा दस्त शेजारी ठेवून वाचा.