ज्वारीच्या धाटातील इंधन : दख्खनच्या संशोधनाचा एक धडा



 ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या पिढीने परभाषिक नगरीत मराठी शाळा चालवली. आणि विज्ञान मातृभाषेतून शिकवता येते, असा विश्वास बाळगला. त्या विश्वासाला अनुसरून एक शास्त्रीय, पण आपल्या रोजच्या जेवणाशी जोडलेला विषय आज मी निवडला आहे. पिकांपासून इंधन काढता येईल काय, आणि काढायचे झाल्यास त्याची किंमत कोणी मोजायची, हा तो विषय होय.

हा प्रश्न केवळ आजकालचा नाही. १९२० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या नियतकालिकात गिल्बर्ट फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोहाच्या फुलांवरील एक विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शीर्षकातच हैदराबाद संस्थानाचा निर्देश होता. मोहाच्या वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ती आंबवून मद्यार्क होतो, हे आदिलाबादच्या रानातील गोंड बांधवांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ठाऊक होते. पुढे १९४८ साली केंद्र सरकारने मोटारीच्या इंधनात मिसळावयाच्या मद्यार्कासाठी स्वतंत्र कायदाही केला. तो २००० साली रद्द झाला, आणि नंतर तीनच वर्षांत, जानेवारी २००३ पासून, नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना जुनी, तिची निकड मात्र प्रत्येक वेळी नवी, असे म्हणावे लागते.

आता मूळ रसायन थोडक्यात पाहू. किण्व, म्हणजे यीस्ट, साखरेचे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. साखर उघडी असेल, जशी उसाच्या रसात किंवा मळीत असते, तर काम सोपे. ती पिष्टाच्या रूपात, म्हणजे मक्याच्या किंवा तांदळाच्या दाण्यात असेल, तर आधी पिष्टाचे तुकडे करावे लागतात. आणि ती काडीत, कडब्यात, पाचटात बांधलेली असेल, तर काम सर्वांत कठीण. कारण तेथे सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्याभोवती लिग्निनचा चिवट गिलावा असतो. तो फोडण्यासाठी उष्णता, आम्ल आणि महागडी विकरे लागतात.

या तीन वाटांपैकी पहिल्या वाटेवर आपल्या दख्खनने एक वेगळे पीक आणले, ते म्हणजे गोड धाटाची ज्वारी. ज्वारी हे आपले घरचे धान्य. मराठीत ज्वारी, तेलुगूत जोन्न. भाकरी मात्र एकच. या गोड ज्वारीचे कणीस माणसाला दाणा देते आणि धाट उसासारखे रसाळ असते. पीक सुमारे चार महिन्यांत हाती येते, तर उसाला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आणि पाणी उसाच्या मानाने फारच थोडे पुरते. कोरडवाहू शेतकऱ्याला दाण्याबरोबर धाटाचेही पैसे मिळतील, आणि अन्न की इंधन हा वाद उद्भवणारच नाही, अशी यामागील आशा होती.

महाराष्ट्रात या पिकाकडे प्रथम गांभीर्याने पाहिले ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. ब. वि. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेत १९७० च्या दशकात गोड ज्वारीचे काम सुरू झाले आणि पुढे 'मधुरा' हा संकरित वाण तयार झाला. १९८० च्या दशकात डॉ. अनिल राजवंशी यांनी तेथे सौर ऊर्जेवर मद्यार्क ऊर्ध्वपातित करण्याचे प्रयोग केले. त्यांची दृष्टी मुख्यतः खेड्यातील चूल आणि कंदील यांवर होती. परंतु मद्यार्क म्हटला की अबकारी परवाने आले. चुलीत जळणारा आणि पेल्यात जाणारा मद्यार्क यांत कायदा सहसा भेद करीत नाही.

दुसरे केंद्र आपल्या शहराच्या परिसरातील. १९७२ साली पटानचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि राजेंद्रनगरला ज्वारीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले, जे आज भारतीय श्रीअन्न संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. २००५ साली प्रसारित झालेला 'सीएसएच २२ एसएस' हा गोड ज्वारीचा संकरित वाण या सहकार्याचे बोलके उदाहरण आहे. त्याची मादी इक्रिसॅटची 'आयसीएसए ३८' ही ओळ, आणि नर 'एसएसव्ही ८४' हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण. भाषावार प्रांतरचनेने १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे केले. ज्वारीच्या वंशावळीत मात्र सीमा पुसली गेली.

येथवर कथा यशाची आहे. पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे.

इक्रिसॅटच्या कृषी-उद्योग संवर्धन केंद्राच्या साह्याने संगारेड्डीजवळ, तत्कालीन मेदक जिल्ह्यात, रुस्नी डिस्टिलरीज हा कारखाना उभा राहिला आणि २००७ साली तेथे गोड ज्वारीपासून इथेनॉल निघू लागले. त्याची क्षमता दिवसाला ४० हजार लिटर होती. पाठोपाठ टाटा केमिकल्सने नांदेडला दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा असाच प्रकल्प उभारला. आज गोड ज्वारीचे हे दोन्ही प्रयोग थांबलेले आहेत. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मोठे शास्त्र लागत नाही. आपल्या शाळेतील सातवीच्या मुलालाही जमेल एवढे अंकगणित पुरते.

एक टन धाटापासून सुमारे ४० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे ४० हजार लिटरसाठी रोज एक हजार टन धाट हवे. दहा टनी शंभर मालमोटारी. हेक्टरी ४० टन उत्पन्न धरले, तर रोज २५ हेक्टर रान कापले पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात उत्पन्न निम्मे आले, तर तेच ५० हेक्टर होते. शिवाय कापलेले धाट एका दिवसाच्या आत गाळावे लागते, नाहीतर साखर उतरू लागते. पेरणी पावसाच्या मर्जीने सगळीकडे एकाच वेळी होते, त्यामुळे कापणीही एकाच वेळी येते. रब्बीत दिवस लहान आणि हवा थंड, म्हणून साखर आणि धाट दोन्ही कमी. परिणामी कारखान्याला वर्षातले थोडे आठवडे अजीर्ण होण्याइतका माल, आणि उरलेले महिने उपवास.

यावर उपाय म्हणून मेदक जिल्ह्यातील इब्राहिमबाद येथे २००८ च्या सुमारास विकेंद्रित गाळपाचा प्रयोग झाला. गावातच रस काढायचा, तो आटवून काकवी करायची आणि टिकाऊ काकवी सवडीने कारखान्याला पाठवायची. आपल्या गुऱ्हाळाचीच ही कल्पना. परंतु गावच्या चरकात रसाचा उतारा कमी पडतो आणि रस आटवायला जळण लागते. त्यामुळे काकवीचे इथेनॉल मळीच्या इथेनॉलपुढे महाग ठरते. शास्त्रज्ञांनी वाण दिला, तो खोटा नव्हता. शेत आणि टाकी यांमधला रस्ता मात्र कोणी पुरेसा मोजला नव्हता.

मोगली एरंडाची कथा याहून कठोर आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने या झुडपाच्या तेलापासून बायोडिझेल करण्याचा भव्य आराखडा मांडला. एक कोटी हेक्टरांहून अधिक लागवडीची भाषा झाली. पडीक जमिनीत, पाण्यावाचून ते भरघोस येईल, असे गृहीत धरले गेले. परंतु जे झाड पाण्यावाचून जगते, ते पाण्यावाचून भरघोस फळतेच असे नाही. बियांचे उत्पन्न अपेक्षेच्या जवळही गेले नाही, आणि देशभरातील लागवडी उजाड झाल्या.

याच काळात आदिलाबादच्या पॉवरगुडा या छोट्या गावी एक लहानशी घटना घडली. तेथील गोंड महिलांच्या बचतगटांनी करंजाची झाडे जोपासली आणि बियांचे तेल काढले. त्या तेलामुळे वाचणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या मोबदल्यात २००३ साली जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले. रक्कम अल्प आहे. पण येथे झाड परिचयाचे होते, घाणा गावातला होता आणि तेलाचा उपयोगही गावातच होता. रस्ता लांब नव्हता, म्हणून तो तुटला नाही.

आता तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे काडीकचऱ्याकडे वळू. हरियाणातील पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले; वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, हे त्याचे उद्दिष्ट. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज उद्योगसमूहाचे आहे. जो पेंढा शेतात जाळून दिल्लीचा श्वास कोंडला जातो, तो कामी लागत असेल तर स्वागतच केले पाहिजे. हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थाही २०१२ पासून एका भारत-अमेरिका संशोधन प्रकल्पाचे नेतृत्व करीत होती. त्यात ज्वारी, बाजरी आणि बांबू यांच्या काडीचा अभ्यास झाला.

पण पंजाब-हरियाणाचा पेंढा आणि मराठवाड्याचा कडबा यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे कडबा जाळीत नाहीत. तो जपून गंजी लावतात. हैदराबादच्या कडबा बाजाराचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की कडब्याच्या पचनीयतेत सुमारे ५ टक्क्यांचा फरक असला, तर भावात २५ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. दुधाच्या म्हशी पाळणारा गवळी प्रयोगशाळेविना ती प्रत ओळखतो. गंमत अशी की ज्या कमी लिग्निनच्या ज्वारीचे धाट किण्वनाच्या टाकीला सोपे, तेच गुरांच्या पोटालाही सोपे. एकाच धाटाकडे दोन तोंडे पाहत आहेत, आणि त्यांतले एक मुके आहे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ साली गाठल्याचे सरकारने जाहीर केले. हे यश लहान नाही. परंतु ते मुख्यतः ऊस, तांदूळ आणि मका यांच्या बळावर आले आहे. कोरडवाहू गोड ज्वारीचा त्यात नाव घेण्यासारखा वाटा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पावसाने ओढ दिल्यामुळे उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. मका इथेनॉलकडे वळताच एकेकाळी तो निर्यात करणारा आपला देश २०२४ साली आयात करू लागला, आणि कुक्कुटपालकांनी खाद्याच्या भावाबद्दल तक्रार सुरू केली. टाकी भरते तेव्हा कोणत्या तरी पात्रातले कमी होते, हा निसर्गाचा हिशेब आहे.

म्हणून प्रत्येक इंधनपिकाला मी तीन प्रश्न विचारावेत असे सुचवितो. पहिला, या काडीवर आज कोणाचे पोट आहे? दुसरा, त्याला लागणारे पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून येणार? आणि तिसरा, कारखाना बंद पडला तर नुकसान कोणाचे? मेदक आणि नांदेडच्या ज्या शेतकऱ्याने गोड ज्वारी पेरली, त्याने शास्त्रज्ञाच्या शब्दावर आपला एक हंगाम पणाला लावला होता. शास्त्रज्ञाचा फसलेला प्रयोगही अहवालात उपयोगी पडतो. शेतकऱ्याचा फसलेला हंगाम सावकाराच्या वहीत जातो. पेरणीपूर्व खरेदीचा करार, हमीचा दर, आणि माल उचलला न गेल्यास भरपाई, या गोष्टी वाणाइतक्याच संशोधनाचा भाग मानल्या गेल्या पाहिजेत.

गोड ज्वारीवर माझा विश्वास उडालेला नाही. साखर कारखान्याची यंत्रे उसाचा हंगाम नसताना रिकामी असतात. त्या रिकाम्या काळात जवळच्या रानातील धाट गाळले, तर स्वतंत्र कारखान्याचा खर्च टळतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने गोड ज्वारीला मान्यता दिलेलीच आहे. वाण तयार आहेत, अनुभव गाठीशी आहे, आणि कोठे चुकले हेही आपल्याला कळले आहे. विज्ञानात यापेक्षा मोठे भांडवल नसते.

समोर बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांत कोणी अभियंते असतील, कोणी बँकेत, कोणी शासनात. आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर उद्या असा एखादा प्रकल्प आला, तर त्यातील लिटरचे आकडे अवश्य तपासावेत. पण त्याआधी धाट कोणाच्या रानातून, किती तासांत आणि कोणत्या भावाने येणार, हे विचारावे. ज्या गुरुजनांनी आपल्याला गणित शिकवले, त्यांना उत्तराइतकीच रीतही महत्त्वाची वाटे.