भिंतीला फळ्या लावताना



आमच्या गटाच्या खोलीत शिलाई मशीन आहेत. एका भिंतीचे पोपडे सारखे पडायचे, शिवलेले कपडे मळायचे. म्हणून गेल्या मे महिन्यात बचतीच्या पैशातून सागाच्या फळ्या आणल्या अन् आम्हीच भिंतीला बसवल्या. आषाढात पाहतो तर फळ्यांनी पोट काढलेलं! खिळे उपटले, तीन फळ्या चिरल्या. चूक आमचीच होती.

या फळ्यांना एका कडेला खाच असते, दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. आम्ही त्या ठोकून ठोकून घट्ट बसवल्या होत्या. पण वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, लाकूड कोरडंठाक होतं. पावसाळ्यात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीला फुगतं. आमची भिंत 12 फूट, फळी 4 इंचांची, म्हणजे 36 फळ्या. एकेक फळी एक मिलिमीटर फुगली तरी जवळजवळ दीड इंच होतो. तो जाणार कुठं?

दुसऱ्या वेळी आम्ही असं केलं. आधी भिंतीची ओल तपासली. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला. आतून थेंब दिसले. भिंतीबाहेरची पन्हाळ फुटली होती, ती आधी दुरुस्त केली अन् भिंत वाळू दिली. ओल्या भिंतीवर फळ्या लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

फळ्या आठ-दहा दिवस त्याच खोलीत, मधे काड्या घालून रचून ठेवल्या. मग भिंतीवर दीड-दीड फुटावर आडव्या पट्ट्या मारल्या. त्या सलग न ठेवता मधे मधे फट सोडली, म्हणजे मागून हवा खेळते. उभी पहिली फळी कोपऱ्यात, खाच कोपऱ्याकडे करून, ओळंबा धरून लावली. कोपऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो वाकडा असतो. खिळा जिभेतून तिरपा मारला, म्हणजे पुढच्या फळीत लपतो. जिभेवर हातोडा मारायचा नाही, मधे लाकडाचा तुकडा धरायचा. फळ्या उन्हाळ्यात लावत असाल, तर प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची जागा सोडा. दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडा. वरून पट्टी लावली की दिसत नाही. खाली जमिनीपासून दोन इंच मोकळे ठेवा, वाळवी चढली तर नजरेस पडते.

आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 साली बांधलेलं आदी निवास माती, बांबू अन् लाकडाचंच आहे. दरवर्षी निगा होते, म्हणून ते टिकलं. आमच्या फळ्यांनीही यंदाचा पावसाळा काढला. आता त्या भिंतीजवळ आम्ही पांढरं कापडही बिनधास्त ठेवतो.