संशयावरून अटक आणि झडती



पोलिसांनी कोणास केव्हा धरावे, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. इतर समाजांच्या व्यासपीठावर हा विषय कदाचित रुक्ष वाटेल. आपल्या विमुक्त समाजाच्या घराघरांस तो परिचित आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, माणसाचे कृत्य न पाहता त्याचे कुळ पाहून संशय घेण्याची रीत घालून दिली. नाव नोंदवावयाचे, हजेरी द्यावयाची, गाव सोडावयाचे तर परवाना मागावयाचा. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला. कागदोपत्री तो जातीवर नव्हे, तर त्या त्या व्यक्तीस झालेल्या शिक्षांवर आधारलेला होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु जुन्या वह्या मिटल्या तरी जुनी नजर मिटली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ अन्वये वॉरंटावाचून अटक करता येते, हे खरे. मात्र संशयावरून धरावयाचे तर तो संशय ‘वाजवी’ असावा लागतो. चोरीच्या रात्री अमुक मनुष्यास तेथे पाहिले, असे कोणी सांगितले तर ते कारण झाले. त्याचे आडनाव अमुक आहे, हे कारणच नव्हे! सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, तुरुंगांतील जातिभेदासंबंधीच्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांस बजावले आहे.

तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ ध्यानात असू द्यावे. सूर्यास्तानंतर रस्त्यावर रेंगाळणारा, ‘चोर म्हणून ख्यात’ असलेला मनुष्य समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही, तर तो या कलमात सापडतो. ही ख्याती ठरविणार कोण, हा माझा प्रश्न आहे. दिवसभर पहार चालवून परतणाऱ्या मजुराची पहार घरफोडीचे हत्यार ठरू नये, म्हणून त्याने मुकादमाचे नाव व कामाचे ठिकाण विनाविलंब सांगावे.

भगिनींनी लक्ष द्यावे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची असते. घराची झडती परिसरातील दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष व्हावी. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्यावी. अटकेचे कारण विचारावे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक आहे.

कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, ही कलमे सोप्या मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावीत, आणि यंदाच्या वर्गणीतून वकिलाच्या फीसाठी काही रक्कम निराळी काढून ठेवावी.