फ्रेंच टोस्ट बिघडतो कुठे?



मराठीत लिहिणारा मुसलमान कवी समोर बसला, की मुलाखत घेणारा शेवटी-शेवटी बिर्याणीवर येतोच. ‘तुमच्याकडे बिर्याणी कशी करतात हो?’ कित्येक वर्षं मी या प्रश्नाला हसून बगल देत आलो. खरं उत्तर द्यायची लाज वाटे, कारण मला चहासुद्धा धड करता येत नव्हता. आज मात्र मी आपणहून स्वयंपाकाबद्दल बोलणार आहे. विषय बिर्याणीचा नाही. ब्रेड, अंडी, दूध आणि साखर एवढ्यावर होणाऱ्या फ्रेंच टोस्टचा आहे आणि तो किती तऱ्हांनी बिघडू शकतो, याचा आहे. या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे. जवळजवळ सगळ्या तऱ्हा मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात माझ्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी पुण्याला नोकरीत. ती आठ दिवस राहून परत गेली. घरात उरलो मी, पलंगावर पत्नी आणि ऐंशी ओलांडलेली माझी अम्मी. जेवणाची अडचण नव्हती. शेजारच्या काकू रोज डबा देत. पण अम्मीच्या तोंडात दात नव्हते आणि कवळी ती लावत नसे. त्यातच तापातून उठल्यापासून तिची भूक मेली होती. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अंडी-दूध जाऊ द्या, नाहीतर सलाईन लावावं लागेल. दुधाचा पेला पाहिला की अम्मी तोंड फिरवी. उकडलेलं अंडं पुढे केलं तर म्हणे, ‘बिसांद येते.’ बिसांद म्हणजे अंड्याचा तो हिवस वास.

पलंगावरून पत्नी म्हणाली, ‘अजी, अम्मीला मीठे टुकडे करून द्या ना. तुमच्या लहानपणी त्याच तुम्हाला करून द्यायच्या म्हणे.’

मीठे टुकडे हे आमच्या घरातलं नाव. त्यालाच फ्रेंच टोस्ट म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मोमिनपुऱ्यात आमचं घर होतं. अब्बा मागावर बसत. घरात डबलरोटी आली की पहिल्या दिवशी ती चहाबरोबर संपायची. उरलेले कडक तुकडे अम्मी फडक्यात बांधून ठेवी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्या-दुधात बुडवून तव्यावर टाकी. आमच्याकडे जमिनीवर पडलेला रोटीचा तुकडासुद्धा उचलून, पुसून बाजूला ठेवायची रीत. मग डबलरोटी टाकून देणं तर दूरच. तेव्हा मला हा नुसता काटकसरीचा मामला वाटे.

म्हणून मी पहिली चूक केली ती मोठ्या प्रेमाने केली. आजारी आईसाठी शिळं कशाला, म्हणून सकाळी बेकरीतून ताजा, अजून कोमट असलेला ब्रेड आणला. स्लाईस मिश्रणात बुडवला आणि उचलायला गेलो, तर कडा हातात आल्या आणि मधला भाग भांड्यातच राहिला. दुसरा स्लाईस तव्यापर्यंत पोहोचला, पण उलटताना त्याचा लगदा झाला. अम्मीने ताटलीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘खिचडी आहे का?’

या पदार्थाला ब्रेड शिळाच हवा. निदान एका दिवसाचा. आणि शिळा होणं म्हणजे केवळ वाळणं नव्हे. ब्रेड भाजताना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. ब्रेड गार झाला की ते हळूहळू पुन्हा आवळून कडक होऊ लागतात. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. एरवी आपण त्याबद्दल कुरकुरतो, पण इथे तो गुण ठरतो. असा ब्रेड दूध पितो आणि तरी उभा राहतो. घरात ताजाच असेल तर स्लाईस तासभर ताटात पसरून ठेवावेत, नाहीतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर थोडे सुकवून घ्यावेत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पुरतो. मी ते ताट कूलरसमोर ठेवलं होतं. कूलरची हवा ओली असते, हे मला त्या दिवशी ब्रेडने शिकवलं.

मात्र शिळा वेगळा आणि बुरशी आलेला वेगळा. पावसाळ्यात आपल्याकडे दोन-तीन दिवसांत ब्रेडवर हिरवे-काळे ठिपके येतात. तेवढा भाग कापून बाकीचा वापरायचा, हे कधी करू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा आत पसरलेले असतात. इथे माझी काटकसर थांबते.

आता गंमत बघा. फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पेन पर्द्यू’ म्हणतात. त्याचा अर्थ हरवलेला, वाया गेलेला पाव. म्हणजे शिळेपणा नावातच आहे. अपिसियसच्या नावावर चालणाऱ्या जुन्या रोमन पाककृतींच्या संग्रहात पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून तेलात तळायचे आणि वरून मध ओतायचा, अशी कृती आहे. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात याचाच भाऊ घरोघरी होतो, त्याला ‘तोरीहास’ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव 1660 साली छापलेल्या रॉबर्ट मे याच्या पाकपुस्तकात सापडतं आणि त्या कृतीत अंडंच नाही. भाजलेला पाव वाईनमध्ये भिजवायचा, साखर आणि संत्र्याचा रस घालायचा. संत्री आमच्याकडे मुबलक आहेत, पण अम्मीपुढे वाईनचं नाव काढायची माझी हिंमत नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी होते, भात उरला की फोडणीचा भात. त्यासाठी कुणी मुद्दाम ताजा भात लावत नाही, आणि लावलाच तर त्याचा गोळा होतो.

नावाचा घोळ निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात जो शाही टुकडा मिळतो, तो हा नव्हे. त्यात ब्रेड तुपात तळून पाकात आणि रबडीत मुरवतात, अंडं नसतं. हैदराबादचा डबल का मीठा त्याच्याच घराण्यातला. दोन्ही सुंदर. पण अम्मीच्या पोटात अंडं जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रेड शिळा होता, तर मिश्रण बिघडलं. गंजातलं दूध नुकतंच उतू जाता-जाता वाचलं होतं. तेच गरम-गरम फोडलेल्या अंड्यांवर ओतलं. अंडी तिथेच शिजून दुधात पांढऱ्या चिंध्या तरंगू लागल्या. अंड्याचा पांढरा भाग साधारण 60 ते 65 अंशांनाच घट्ट होऊ लागतो, त्याला उकळी लागत नाही. दूध गार किंवा फार तर कोमट असावं. आधी अंडी, साखर आणि चिमूटभर मीठ एकजीव फेटावं आणि मग दूध घालावं. फेटायचा कंटाळा केला, तर पांढरा भाग तसाच राहून टोस्टच्या कडेला ऑम्लेटची झालर लोंबते. मला तर आता गाळणीतून गाळून घ्यायची सवय लागली आहे. बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे पांढरे धागे त्यात अडकतात. अम्मीला तोंडात तेच लागायचे आणि तिथेच तिचं जेवण थांबायचं. वेलचीपूड साखरेत कालवून मगच घालावी. वरून भुरभुरली, तर ती सगळी पहिल्या स्लाईसला चिकटते आणि बाकीचे कोरडे राहतात.

प्रमाण सांगायचं तर 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं, मीही त्याच मापाने सांगतो. चार स्लाईसना दोन अंडी, एक लहान वाटी दूध, म्हणजे साधारण दीडशे मिलिलिटर, आणि साखर दोन लहान चमचे. दूध वाढवलं की टोस्ट ओलसर राहतो, फार कमी केलं की ब्रेडवर थापलेलं ऑम्लेट होतं. साखरेबाबत हात आखडता ठेवा. मी अम्मीला गोड आवडतं म्हणून मूठभर घातली होती. तव्यावर ती आधी लाल आणि मग काळी झाली, आत मात्र अंडं कच्चंच. गोडी हवी तर वरून द्यावी, मध आहे, साखर आहे. बुडवायलाही मोजका वेळ हवा. पसरट कोपरात एका बाजूने पंधरा-वीस सेकंद, दुसऱ्या बाजूने तेवढाच. फोन आला म्हणून स्लाईस तसाच सोडून गेलात, तर परत आल्यावर तो उचलायच्या लायकीचा राहत नाही. कवीला फोन फारसे येत नाहीत, पण नेमके अशा वेळी येतात.

तिसरा दिवस आचेचा. आपल्याला वाटतं, तवा चांगला कडकडीत तापला पाहिजे. डोशासाठी ते ठीक. इथे आच मंद ते मध्यम हवी, कारण बाहेरचा रंग आणि आतलं अंडं एकाच वेळी तयार व्हायचं आहे. प्रत्येक बाजूला अंदाजे तीन मिनिटं. सराट्याने मधोमध हलकेच दाबून पाहावं. ओल वर आली तर आत कच्चं आहे. बिसांद येते ती याच कच्चेपणातून. वेलची, जायफळ, व्हॅनिला काहीही घाला, तो वास झाकला जातो, जात नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला अर्धकच्चं अंडं देणं धोक्याचं आहे, त्यातून पोटाचा आजार होऊ शकतो. तव्यावर नुसतं लोणी टाकलं तर त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो आणि टोस्टला काळे डाग पडतात. तूप करपत नाही. आमच्या घरी तूपच होतं, तरी मी हॉटेलात पाहिलं होतं म्हणून मुद्दाम लोणी विकत आणलं होतं!

चौथ्या दिवशी पत्नी वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. ऑपरेशननंतर तिथवर पहिल्यांदाच. ‘मी काही बोलणार नाही,’ म्हणाली आणि खरोखरच बोलली नाही. फक्त एकदा गॅसच्या बटणाकडे बोट दाखवलं. मी आच कमी केली. दोन स्लाईस निघाले, दोन्ही बाजूंनी गव्हाळ, कडेला जरा कुरकुरीत.

तिच्यासाठी मग तिखट केले, साखरेऐवजी मीठ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि सांभार. नागपूरबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर. कांदा जाड चिरला तर तो ब्रेडला धरत नाही, तव्यावर गळून पडतो आणि करपतो, तेवढं मात्र सांभाळा.

राहिली एक चूक, ती माझी नाही. तव्यावरून काढलेले टोस्ट एकावर एक रचू नयेत आणि झाकूही नयेत. त्यांची वाफ त्यांनाच लागते आणि खालची बाजू ओली होते. भाजायची जाळी असेल तर तिच्यावर दोन मिनिटं ठेवावेत.

मी अम्मीला दोन टुकडे दिले. तिने वाकून आधी वास घेतला. मग एक टुकडा बोटांनी तोडून तोंडात ठेवला आणि बराच वेळ घोळवत बसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो, कारण तिच्या तोंडाकडे बघत उभं राहणं मला जमेना. परत आलो तर एक टुकडा संपला होता. दुसरा तिने ताटलीतच ठेवून त्याच्यावर वाटी पालथी घातली होती.

मी विचारलं, ‘अम्मी, हा का नाही खाल्ला?’

‘दुल्हनसाठी आहे,’ ती म्हणाली. ‘तिला कोण करून देतं?’

तिखट टोस्ट खाऊन बसलेल्या माझ्या पत्नीने तासाभराने वाटी उचलली. टुकडा खालून पार ओला झाला होता. तिने तो उभ्याने, वॉकरला टेकून खाल्ला आणि मला हळूच म्हणाली, ‘मीठ विसरलात.’