न बोललेले संवाद: ‘फँड्री’

चित्रपट आपण ऐकतो जास्त आणि पाहतो कमी. आज नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’तली दोन दृश्यं जरा बारकाईनं पाहू.

चित्रपटाचा नायक असलेल्या जब्याचं कुटुंब गावासाठी डुक्कर पकडतंय, लोक गंमत बघतायत. तेवढ्यात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि पळापळ करणारं हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. ज्यांना गाव माणसांत धरत नाही, तेच राष्ट्रगीताचा मान राखतात. हा विरोधाभास दिग्दर्शक शब्दांत सांगत नाही, फक्त दाखवतो.

पुढे बांबूला बांधलेलं डुक्कर घेऊन हेच कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. मागे समतेचं स्वप्न, पुढे खांद्यावरचं जातीचं ओझं, आणि दोन्ही एकाच चौकटीत. चित्रं नुसती शोभेसाठी असती, तर कॅमेरा तिथे रेंगाळला नसता.

चित्रपटातली काळी चिमणीही असंच एक प्रतीक आहे. जब्याला ती हवी असते त्याला आवडणाऱ्या शालूचं मन जिंकण्यासाठी. पण ती हाती लागत नाही, जशी बरोबरीची वागणूकही त्याच्या हाती लागत नाही.

प्रतीक ओळखायची खूण सोपी आहे: एखादी वस्तू पुन्हा पुन्हा दिसते का? तिच्या शेजारी दिग्दर्शकानं काय ठेवलंय? पुढचा चित्रपट पाहताना हे दोन प्रश्न स्वतःला जरूर विचारा.